कवडीच्या वेळा

डबा न्यायला येणारी पोरं, त्यांना भेटायला गावाकडून आलेले आईबाप, सिलेंडर घेऊन येणारे भाऊ, सगळे मला एकच विचारतात. "काकू, घरात कुत्रं हाय, तरी वास कसा येत नाही?" मी सांगते, तिचं खाणं वेळेवर आहे. एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही. त्यांना वाटतं मी तिला दम देऊन शिकवलं असणार, नाहीतर दुकानातून फवारायचं काहीतरी आणलं असणार. तसं काहीच नाही. शी-सूची सवय ताटलीपासून लागते. ताटली कधी खाली ठेवायची आणि कधी उचलायची हे ठरलं, की बाहेर कधी न्यायचं ते आपोआप ठरतं. हे एवढं साधं आहे, पण घरातल्या प्रत्येकानं ते पाळावं लागतं आणि खरी मेहनत तिथंच आहे. म्हणून आज बैजवार लिहिते.

मी लातूरला औसा रोडच्या बाजूला मेस चालवते. नीट-जेईईच्या क्लाससाठी नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीकडून आलेली लेकरं सकाळ-संध्याकाळ डबा नेतात. घरात मी, आमचे हे, सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते), कॉलेजला जाणारा मुलगा आणि कवडी. कवडी पांढरी, टोकदार कानांची, झुपकेदार शेपटीची. आपल्याकडं अशा कुत्र्याला सगळे पॉमेरियन म्हणतात. वजन ५ किलो. आली तेव्हा जेमतेम २ महिन्यांची होती, पिठाच्या डब्यात मावेल एवढी.

माझं माहेर देवणी तालुक्यातलं. घरी देवणी जनावरं आणि मळ्यात राखणीची कुत्री. त्यांना रात्री उरलेली भाकरी ताकात कुस्करून मिळायची, तीही एकदाच. दिवसभर ती रानात. त्यांच्या शी-सूचा विचार आमच्याकडं कधी कुणी केला नाही, कारण त्यांच्यासाठी दार कधी बंदच नव्हतं. शहरातल्या घरात दाराची कडी आपल्या हातात असते. कुत्र्यानं बाहेर कधी जायचं हे आपण ठरवतो. मग त्याच्या पोटाला कधी घाई होते हे आपल्याला ठाऊक नको का?

ते मला माझ्या भाचीनं समजावलं. ती उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायची तेव्हा सुट्टीला आमच्याकडं यायची. कवडी तेव्हा नुकतीच आली होती. भाची म्हणाली, "मावशी, पोटात घास पडला की मोठं आतडं हलायला लागतं. ताटली चाटून झाली की घड्याळ बघ." लहान पिल्लाला खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांच्या आत बाहेर न्यावंच लागतं. झोपून उठल्यावर लगेच न्यावं लागतं. खेळताना मध्येच थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं, तर उचलून पळावंच लागतं. बाकी वेळेला एक ढोबळ हिशोब आहे: पिल्लू जितक्या महिन्यांचं, तितके तास आणि वर फार तर एक तास ते दिवसा लघवी धरू शकतं. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त ३ तास, आणि हा झाला वरचा आकडा. लहान जातीच्या कुत्र्याची लघवीची पिशवीच लहान, त्यामुळं आम्ही दर दोन तासांनी न्यायचो. रात्री झोपेत ती जरा जास्त वेळ धरते, तरी सुरुवातीला मध्यरात्रीचा एक गजर लावावा लागला. तो गजर माझ्या मुलाकडं होता, आणि त्यानं तो न कुरकुरता सांभाळला हे मला इथं लिहायचंच आहे.

खाणं चार वेळा: सकाळी ६, दुपारी ११, संध्याकाळी ४ आणि रात्री ८. इतक्या लहान कुत्र्याला एकदाच भरपेट घालून चालत नाही. पोट लहान, अंगात साठा कमी. जास्त वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटलट कापतं, मान टाकतं. असं झालं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तसंच डॉक्टरकडं न्यायचं. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण मधाची बाटली मी पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवली होती. ३ महिन्यांनंतर तीन वेळा खाणं, ६ महिन्यांनंतर दोन वेळा. वेळा कमी केल्या त्या एकदम नाही. मधलं खाणं थोडं थोडं घटवत त्याचा वाटा पुढच्या-मागच्या ताटलीत घातला.

ताटली खाली ठेवली की १५ ते २० मिनिटं. तेवढ्यात खाल्लं तर खाल्लं, नाहीतर उचलायची. दिवसभर भरलेली ताटली कोपऱ्यात पडून राहिली, तर कुत्रं येता-जाता तोंड घालतं, आणि मग शीची वेळ ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अगदी लहान, अशक्त पिल्लाच्या बाबतीत मात्र हा कडकपणा करू नये. ते खात नसेल तर ताटली उचलून ठेवण्यापेक्षा डॉक्टरला फोन करावा.

मेसवाल्या बाईकडं वही असतेच. कोणाचा खाडा, कोणाचे पैसे यायचे, कोणाला रविवारी फीस्ट नको. त्याच वहीचं मागचं पान मी कवडीला दिलं. रेघा मारून चार रकाने: खाणं, पाणी, सू, शी. जो बाहेर नेईल त्यानं वेळ टाकायची. पेन दोरीनं वहीलाच बांधलेलं, म्हणजे पेन सापडलं नाही ही सबब नको. आठवडाभरात त्या पानावर तिचं पोट दिसायला लागलं. सकाळच्या खाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी शी. दुपारी ११ च्या खाण्यानंतर फक्त सू. संध्याकाळच्या खाण्यानंतर पुन्हा शी, पण थोडं खेळून झाल्यावर. हे प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं. कुणाचं वेळापत्रक बघून आपल्या कुत्र्याला लावू नका. आपल्या कुत्र्याचं लिहून काढा.

आमच्या घरामागं छोटं अंगण आहे, त्यात कडुलिंब. त्याच्या बुडाशी मातीचा एक कोपरा मी तिच्यासाठी ठरवला. रोज तीच जागा, तेच शब्द: "कवडी, सू कर." पट्टा बांधूनच न्यायची, नाहीतर फुलपाखरामागं पळते. तिथं गेल्यावर आपण तिच्याशी खेळायचं नाही, फोनवर बोलायचं नाही, उगीच ओरडायचं नाही. नुसतं उभं राहायचं. काम झालं की त्याच क्षणी कौतुक आणि उकडलेल्या चिकनचा चिमूटभर तुकडा. तो तुकडा खिशातच हवा. घरात येऊन फ्रीज उघडून दिला तर कुत्र्याला वाटतं घरात आल्याचं बक्षीस आहे. पाचेक मिनिटांत काही केलं नाही तर आत आणायची, पण मोकळी सोडायची नाही. मांडीवर घ्यायची नाहीतर तिच्या जाळीत ठेवायची, आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्यायची.

हा झाला अंगणातला फेरा. फिरायला नेणं वेगळं, आणि पुष्कळ घरांत या दोन्हींची गल्लत होते. माणूस घाईत असतो, कुत्र्याला रस्त्यावर नेतो, कुत्र्यानं शी केली की लगेच माघारी वळतो. कुत्रं हुशार असतं. त्याच्या लक्षात येतं की शी केली की फिरणं संपतं. मग ते धरून ठेवतं, चार गल्ल्या फिरवतं, आणि घरात येऊन पायपुसण्यावर बसतं. आमच्याकडं आधी कडुलिंबाखालचं काम, मग पट्टा लांब सोडून गल्लीत. म्हणजे फिरणं हेच बक्षीस.

पिल्लाला गल्लीत न्यायची घाई मात्र करू नये. लसीचे डोस साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं १६ आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण ३ महिन्यांची झाल्यावर. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि दुसऱ्या कुत्र्यानं जिथं शी केली तिथं हुंगणं पुरेसं होतं. डोस पुरे होईतोवर आम्ही तिला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडवायचो. रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी, सायकलवरून जाणारी पोरं, हे सगळं तिनं कडेवरूनच बघितलं.

आता आत्यांचं सांगते. आत्यांचं वय ७८. आयुष्यभर घरी आलेल्याला उपाशी पाठवलं नाही अशी बाई. कवडी जाऊन त्यांच्या खाटेपाशी बसली की आत्या भाकरीचा कोर मोडायच्या, तुपात बुडवायच्या आणि द्यायच्या. मी काही म्हटलं की, "अगं, लेकरू तोंडाकडं बघायलंय. दोन घासानं काय होतंय?" डबा न्यायला आलेली पोरं वेगळीच. कुणी बिस्किट, कुणी चपातीचा तुकडा. घरापासून लांब राहणारी लेकरं ती, कवडीत त्यांना घर दिसतं. कुणाला रागावणार?

मी आत्यांना हिशोब सांगितला. स्वयंपाकाचा हिशोब त्यांना कुणीही चुकवू शकत नाही. ५ किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ३७५ कॅलरी पुरतात. वरचा खाऊ सगळा मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, म्हणजे ३५ कॅलरी. पाव भाकरी आणि एक चमचा तूप मिळून ८० च्या आसपास जातात. म्हणजे आत्यांचा एक लाडाचा घास कवडीच्या दिवसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा. वर बिस्किटं. मग रात्रीची ताटली तशीच राहते, आणि पहाटे चार वाजता अवेळी खाल्लेल्याची शी खाटेखाली सापडते. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग मी काय देऊच नको का तिला?"

त्या एका प्रश्नानं मला वाट दाखवली. संध्याकाळची ताटली मी पूर्ण आत्यांच्या हवाली केली. साडेसहा वाजता ताटली भरणार त्याच, ठेवणार त्याच, उचलणार त्याच. मेसच्या छोट्या वजनकाट्यावर मोजून. त्या चष्मा लावून काट्याकडं बघतात, दोन दाणे जास्त झाले तर काढतात. त्यानंतर खाटेपाशी घास देणं बंद झालं, कारण कवडीला जेवू घालायची त्यांची हौस आता रोज पूर्ण होते. पोरांसाठी डब्याच्या टेबलावर एक बरणी ठेवली, तिच्यात तिच्याच सकाळच्या वाट्यातले मोजलेले दाणे. ज्याला लाड करायचेत त्यानं त्यातला एक घ्यावा आणि कवडीला बसायला सांगून द्यावा. बरणी रिकामी झाली की संपलं. पोरं पाळतात. कुणी नवीन आलं तर जुनी पोरं सांगतात, "ए, बरणीतलंच दे, काकू ओरडतेत."

ताटलीत काय असतं तेही विचारतात. सकाळी ४५ ग्रॅम कोरडं खाद्य. संध्याकाळी २५ ग्रॅम तेच, त्यात उकडलेलं चिकन नाहीतर अर्धं अंडं, आणि शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी नाही. नुसत्या घरच्या खाण्यावर ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण डॉक्टरला विचारून. भाकरी-दूध एवढ्यावर प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. दूध तर मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, ढाळ लागते. चमचाभर दही किंवा पातळ ताक कवडीला चालतं.

मेसच्या स्वयंपाकघरात तिला येऊ देत नाही. लाकडी फळी आडवी लावलेली असते. तिथं तिच्यासाठी विष म्हणावं असं पुष्कळ काही असतं. कांदा आणि लसूण, कच्चा, शिजलेला, मसाल्यातला, कसाही. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि लक्षणं कधी कधी काही दिवसांनी दिसतात, तेव्हा आपल्याला आठवतही नाही की तिनं काय खाल्लं होतं. ५ किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा बाधायला पुरेसा होतो. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणून शिऱ्याचा प्रसाद नाही. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल हे त्यामागचं कारण असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. आपल्या मराठवाड्यात आमटीला चिंच पडते, तेव्हा आमटीत कुस्करलेली भाकरी कुत्र्याला घालणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. चॉकलेट नाही. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल तर फारच वाईट, आणि पोरांच्या दप्तरात च्युइंगम असतंच. शिजवलेली हाडं नाहीत, ती टोकदार फुटतात.

आता ती मोठी झाल्यावरचा दिवस असा. मी पहाटे साडेचारला उठते, कणीक तिंबायच्या आधी मागचं दार उघडते. कडुलिंबाखाली सू. साडेपाचला आमचे हे तिला फिरायला नेतात, वीस-पंचवीस मिनिटं. आल्यावर लगेच ताटली नाही, अर्धा तास विसावा, मग साडेसहाला खाणं. सातच्या आत अंगणात शी. साडेदहाला, डबे भरून झाले की, एक फेरा. दुपारी तीनला एक. साडेसहाला आत्यांची ताटली, सातला अंगण. रात्रीचे डबे गेले की साडेआठला मुलगा फिरवतो. दहाला शेवटची सू, मग दिवा बंद. मोठं कुत्रं सहा-आठ तास धरू शकतं म्हणून धरायला लावायचं, हे मला पटत नाही. लहान कुत्र्याला जास्त फेरे द्यावेत. आपण दिवसभर बाहेर असाल तर शेजारच्या कुणाला तरी दुपारच्या फेऱ्यासाठी बांधून घ्या.

एप्रिल-मे मध्ये फिरायच्या वेळा बदलतात. लातूरला पारा ४० च्या वर जातो, आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर ठेवायची. सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही तिथं टेकवायचे नाहीत. संध्याकाळी सात वाजता ऊन गेलेलं असतं पण रस्ता निवलेला नसतो, तो धग सोडत राहतो. म्हणून उन्हाळ्यात रात्रीचं फिरणं नऊनंतर, आणि सकाळचं पाचला. दुपारचा फेरा कडुलिंबाच्या सावलीत दोन मिनिटं, तोही आधी मातीवर पाणी शिंपडून. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, तर अंग साध्या पाण्यानं भिजवायचं, पंख्याखाली घ्यायचं आणि डॉक्टरकडं धावायचं. चपट्या नाकाचं पग वगैरे कुत्रं असेल तर आणखी जपा, त्यांना उष्णता सोसतच नाही.

पाण्याचं जरा वेगळं लिहिते, कारण पाण्याचं मोल आमच्या गावाला सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मेस चालवणं काय होतं ते ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. आजही नळ रोज येत नाही. पण कुत्र्याच्या पाण्यात काटकसर करू नये. किलोमागं ५० ते ६० मिली, म्हणजे कवडीला पाव लिटर ते ३०० मिली दिवसाला, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. घरात सू होऊ नये म्हणून पाण्याची वाटी उचलून ठेवणारे लोक मी बघितलेत. हा त्या जिवावर अन्याय आहे. पिल्लाची वाटी रात्री झोपायच्या तासभर आधी उचलली तर चालतं, तेही थंडीच्या दिवसांत. पाणी जास्त प्यायली तर एक फेरा जास्त करायचा, त्यात काय बिघडतं?

पावसाळ्यात तिला ओल्या मातीवर पाय टेकवायला नको वाटतं. दारात उभी राहून आभाळाकडं बघते. मी कडुलिंबाखाली ताडपत्री बांधून कोपरा कोरडा ठेवते, आणि आमच्या यांनी छत्री धरून दोन-तीन पावसाळे तिच्यासोबत उभं राहून सवय लावली. काळी माती पंजांच्या बोटांमध्ये बसते आणि वाळली की दगड होते, म्हणून दारातच कोमट पाण्याचं घमेलं आणि जुना पंचा. पाऊस संपला की सराटे आणि कुसळं. तिचे केस लांब, कुसळ केसांतून कातडीत शिरतं, कानात गेलं तर फारच त्रास. दिवाळीत पाऊस नसतो पण फटाके असतात. त्या दिवसांत संध्याकाळचं फिरणं अंधार पडायच्या आत उरकायचं आणि पट्टा दुहेरी, कारण घाबरलेलं कुत्रं गळपट्ट्यातून मान काढून पळतं.

गल्लीतल्या कुत्र्यांचाही विचार करावा लागतो. पहाटे रस्ता त्यांचा असतो. आमच्या गल्लीतली कवडीला ओळखतात, पण पुढच्या चौकातली नाही, म्हणून चौकाच्या आत वळायचं. समोर टोळकं आलं तर पळायचं नाही, पट्टा आखूड करून हळू वाट बदलायची. आणि आपल्या कुत्र्याची शी आपण उचलायची. जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन आणि एक पिशवी पट्ट्यालाच अडकवलेली असते. दुसऱ्याच्या दारात सडा-रांगोळी झालेली असते, तिथं आपलं कुत्रं बसवून पुढं निघून जाणं मला अजिबात मान्य नाही.

घरात झालंच तर? पिल्लूपणी होतंच. नाक घासायचं नाही, चापट मारायची नाही. झाल्यावर पाच मिनिटांनी रागावलं तर ते कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शी करणं धोक्याचं, आणि मग ते सोफ्यामागं लपून करतं. करताना दिसलं तर उचलून कोपऱ्यात न्यायचं, तिथं पूर्ण झालं तर कौतुक. फरशी आधी कोरड्या फडक्यानं टिपायची, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसायची. फिनाईलनं आपल्या नाकापुरता वास झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला जुना वास येतच राहतो आणि ते पुन्हा तिथंच बसतं. शिवाय ओल्या फिनाईलवरून चाललेले पंजे ते चाटतं. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं द्रावण मिळतं, गादीला-चटईला तेच वापरावं.

वेळा पक्क्या असल्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला मागच्या वर्षी श्रावणात कळला. आत्या म्हणाल्या, "आज हिनं ताटलीला तोंड लावलं नाही." मी वही बघितली. आदल्या दिवशी संध्याकाळची शी नव्हती, सकाळी अर्धं खाणं उरलेलं. उड्या मारत होती, शेपटी हलत होती, वरवर बघून कुणी आजारी म्हटलं नसतं. ओठ उचलून हिरडी बघितली तर रोजची गुलाबी नव्हती, फिकट पडलेली. कानामागं केस बाजूला केले, तर कातडीला चिकटलेली गोचीड, करड्या मिरीएवढी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचीड-ताप निघाला. वेळेत औषध सुरू झालं आणि ती बरी झाली. भरलेली ताटली दिवसभर पडून राहिली असती तर तिनं एक वेळचं सोडलं हे आम्हाला कळलंही नसतं. वहीमुळं आणखी बरंच काही कळतं: पुन्हा पुन्हा थेंब थेंब सू, सूला बसून कुंथणं, शीवर चिकट शेंबूड, तांदळाच्या दाण्यासारखे जंताचे तुकडे. मी डॉक्टरकडं जाताना ते पान फाडून नेते, आणि डॉक्टर ते खरंच वाचतात.

आम्ही लग्नाकार्याला, तुळजापूरला गेलो तर जवळच राहणाऱ्या एका पोरीकडं कवडी असते. तिला मी भिंतीवर कागद चिकटवून देते: किती वाजता किती ग्रॅम, कडुलिंबाचा कोपरा, कोणते शब्द, डॉक्टरांचा नंबर. आमच्याकडं कवडी जशी वागते तशीच तिच्याकडंही वागते, कारण शब्दही तेच आणि वेळाही त्याच.

कवडी आता नऊ वर्षांची होत आली. लहान जातीची कुत्री पुष्कळ जगतात, पण या वयात पिशवीची धरण्याची ताकद कमी व्हायला लागते. गेल्या महिन्यात वहीत दिसलं की दुपारी तीनच्या फेऱ्याआधी ती दाराशी जाऊन उभी राहायलीये. लघवी आणि रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं. म्हणून आता दुपारी एकचा एक नवा फेरा सुरू केलाय. त्या वेळी मी भांड्यांत असते, तेव्हा तो फेरा आत्यांनी मागून घेतला.